जावईबापूच्या लेकी

आमच्या प्रयोगशाळेत एका उंदराला सगळे जावईबापू म्हणतात. स्तनाच्या कर्करोगाचा धोका आईबापांकडून लेकींत कसा उतरतो हे शोधायला आम्ही एक जीन मुद्दाम बिघडवून उंदीर वाढवतो. जावईबापू त्यातलाच, पण नर. तो खातो, लोळतो, पिंजऱ्यात नवी मादी सोडली की ऐटीत मिशा पुसतो. बिघाड त्याच्यातही आहे, पण गाठी येतात त्या त्याच्या लेकींना. दर आठवड्याला मी त्यांना हातात धरून बोटांनी चाचपते. गाठ हाताला लागली की अजूनही वाईट वाटतं.

ताईच्या छातीत गाठ निघाली तेव्हा बाबांनी लगेच निकाल लावून टाकला, की आईच्या माहेरचं रक्तच किडकं. एक मावशी कसल्याशा कर्करोगाने गेली होती, तेवढं त्यांना पुरलं. त्यांची सख्खी बहीण, आमची आत्या, तरुणपणीच छातीच्या गाठीने गेली, ते मात्र म्हणे तिचं नशीब. आई मान खाली घालून ऐकून घ्यायची. ऑपरेशननंतर ताईही तिच्याशी तुटक बोलायला लागली. आई तिच्या उशाशी बसून माफी मागायची, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तपासणीत ताईच्या रक्तात तोच बिघाड सापडला. माझं अजून कळायचंय. मग मी आईचंही रक्त तपासून घेतलं. बाबांनी मात्र सुई टोचून घ्यायला साफ नकार दिला.

आईचा अहवाल आला त्या दिवशी जेवताना मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की आईत काही नाही, म्हणजे हे बाबांकडून आलंय.

बाबांनी आधी घास संपवला. "उंदरांवरून बापाची पारख करतेस? मला कधी साधी गाठ तरी आली का?"

मग मी त्यांना जावईबापूची सगळी हकिगत सांगितली. शब्द मऊ केले नाहीत. ताई ताटातून मान वर काढेना.

आई ताईकडे बघून म्हणाली, "मग मी तुझी माफी कशाबद्दल मागत होते गं?"

थोड्या वेळाने बाबांनी पाणी मागितलं. पाण्याचा जग आईच्या हाताशीच होता. ती जेवत राहिली.