बाशूराच्या दाराशी

चालकाने आरसा जरासा वळवून मागच्या सीटवर नजर टाकली.

“कोणत्या घरातल्या म्हणायच्या, ताई?”

बैरुतमध्ये धर्म कुणी तोंडावर विचारत नाही. आडनाव कळलं की काम भागतं. ख्रिस्ती घरातली मादलेन पंचवीस वर्षांनी मार्सेलहून आली होती आणि आठवडाभर जो भेटेल त्याला ‘शहर किती बदललं’ म्हणून सांगत होती. पण गाडी मुसलमान वस्तीत शिरलेली दिसली आणि तिच्या तोंडून शाळेतल्या मुसलमान मैत्रिणीचं नाव निघून गेलं.

“इताणी. सना इताणी.”

“अहो, मग घरच्याच की! आणि मी मेला मघापासून तोंड शिवून बसलोय. मला अबू नादिर म्हणतात.”

तो खुलला. वाटेत गाडी थांबवून त्याने तिच्यासाठी गरम काक, तिळाचा पाव, घेतला, वर “परदेशात वाळलात हो,” असंही ऐकवलं. मादलेनने पाव तसाच मांडीवर धरून ठेवला. या भल्या माणसाला घाबरायचं काय होतं? पुढच्या सिग्नलला खरं सांगायचं, असं ती ठरवी आणि सिग्नल सुटे.

बाशूराच्या कब्रस्तानापाशी त्याने गाडी कडेला घेतली.

“माझी बायको, इन्साफ, इथं आहे. रमझानात गेली. प्रवाशाची दुवा रिकामी जात नाही म्हणतात. तिच्यासाठी एक फातिहा पढाल? माझा आवाज ऐकून वर कंटाळले असतील सगळे.”

दोघं दाराशी उभे राहिले. त्याने तळहात वर केले, तसे तिनेही केले. फातिहा हा कुराणातला पाठ तिला ऐकून ठाऊक होता. पण खोट्या नावाने तो म्हणायला तिची जीभ वळेना. मग तिने आईने शिकवलेली आपली प्रार्थना मनातल्या मनात म्हटली, इन्साफसाठी, अगदी मनापासून. प्रार्थना संपली आणि क्रुसाची खूण करायला सवयीने तिचा हात कपाळावर गेला, तिथून छातीवर आला आणि तिथेच थिजला.

अबू नादिर पाहत होता.

“मी...” शरमेने तिचे कान तापले.

त्याने मान कब्रस्तानाकडे वळवली.

“खांदे राहिले, ताई. पुरं करा.” मग तो म्हणाला, “आणि तिला नाव तेवढं खरं सांगा. कोण येऊन गेलं, ते तिला कळायला नको?”

मादलेनला स्वतःचं नाव उच्चारायला बराच वेळ लागला.