अर्ध्या तासाचं काम

“बाबा, अर्ध्या तासाचं तर काम आहे. चौकातला मेकॅनिक उभ्या उभ्या बसवून देत होता,” जावई म्हणाला आणि ट्रकच्या स्टिअरिंगला लावायचा लाल रंगाचा नवाकोरा स्टॅबिलायझर त्याने बाकड्यावर आदळला.

मिस्त्रीच्या डोक्यात तिडीक गेली. उद्या हा गडी मिस्त्रीच्या लेकीला आणि चार वर्षांच्या नातीला घेऊन डोंगरातल्या खडकाळ वाटेने ट्रक हाकणार होता. आठवडाभर फोनमध्ये डोकं घालून त्याने सगळ्यांत दणकट स्टॅबिलायझर निवडला होता. चाक खड्ड्यात आपटलं की स्टिअरिंग हातात थडथडतं, हे लेकीने दोनदा सांगितलं, तर म्हणे तू उगाच घाबरतेस!

“खाली शिर,” मिस्त्री म्हणाला.

“मी? अहो, कपडे...”

“कपडे धुता येतात. शिर!”

गाडी कोणाचीही असो, आधी मालकाला तिच्याखाली घालायचा हा मिस्त्रीचा खाक्याच होता. त्यापायी निम्मी गिऱ्हाइकं तुटली होती. जावई कुरकुरत आडवा झाला. मिस्त्रीने त्याचा पंजा धरून स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या बॉल जॉइंटवर दाबला आणि वर केबिनमध्ये बसलेल्या लेकीला सांगितलं, “हलव स्टिअरिंग. डावीउजवीकडे, थोडं थोडं.”

खट्. खट्.

“लागतंय हाताला?”

“जरा खेळतंय. पण म्हणूनच तर स्टॅबिलायझर...”

“अरे, जॉइंट निखळायला आलाय! तुझा हा लाल दांडा नुसती थडथड दाबेल. हाताला काही कळणारच नाही. मग एक दिवस उतारावर चाक एकीकडे आणि तुम्ही एकीकडे!”

“ओरडता कशाला? सगळेच बसवतात.”

“मीही बसवला होता!” मिस्त्री गरजला. “माझ्या दादाच्या ट्रकला. जॉइंट नंतर बघू म्हणाला, घाईत होता. दिला अर्ध्या तासात बसवून.”

वर स्टिअरिंग थांबलं. रस्ता खराब होता म्हणून काका ट्रकच्या अपघातात गेले, एवढंच लेकीला बावीस वर्षं माहीत होतं. ती खाली उतरली.

“काकूला माहीत आहे?”

मिस्त्रीने मान हलवली. नाही. जावयावरचा राग केव्हाच ओसरला होता, स्वतःवरचा मात्र आज नव्याने भडकला होता.

“उद्या जायचं नाही. नवा जॉइंट आणा. मग हवं तर तो दांडाही लावतो,” म्हणत त्याने पाना उचलला आणि ट्रकखाली सरकला. बोल्ट गंजलेला होता. पाना दोनदा निसटला. तिसऱ्यांदा जावयाने दुसऱ्या बाजूने पाना धरला.