अण्णांना पुन्हा जेवायला बोलावलं

गेल्या वेळी मुग्धाच्या घरून हणमंतअण्णा अर्धपोटी परत गेले, ही बातमी हेब्बाळहून मल्लेश्वरमला त्यांच्या आधीच पोचली असावी. अण्णा म्हणजे तिच्या नवऱ्याचे, अजिंक्यचे काका. निपाणी सोडून सगळं आयुष्य बेंगळुरूत गेलं, पण पहिल्या विचारण्याला हो म्हणायची रीत त्यांच्या घराण्यात नाही. मुग्धा पडली पुण्याची. तिनं विचारलं, "अण्णा, आणखी पोळी?" अण्णा म्हणाले, "साकु, साकु. भरलं पोट." तिनं लगेच पोळ्यांचा डबा बंद केला. बिचारीचा माणसांच्या शब्दावर विश्वास! अण्णांनी घरी जाऊन दहीभात खाल्ला, आणि तो किती खाल्ला हे त्यांच्या बायकोनं, शालनकाकूंनी, झाडून साऱ्या नातेवाइकांना कळवलं.

तेव्हापासून कुठल्याही लग्नकार्यात कुणी ना कुणी मुग्धाला विचारायचंच, "काय गं, आज आम्हाला जेवायला मिळेल ना?" ती हसायची, पण तिला ते लागायचं. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी आपण या घरात पाहुणीच, असं तिला वाटायला लागलं होतं. म्हणून तिनं दोघांना पुन्हा बोलावलं. या खेपेला अण्णा तृप्त होऊनच उठायला हवे होते.

आठवडाभर आग्रहाची तालीम चालली. अजिंक्य अण्णा व्हायचा आणि ताटावर हात आडवा धरायचा. ऑफिसातल्या प्रेझेंटेशनची करावी तशी मुग्धा वाक्यं घोकायची. "जरा रागावून म्हण," तो शिकवायचा, "म्हणजे मी घेतो." तालमीच्या नावाखाली पठ्ठ्यानं रोज ताव मारला.

रविवारी दुपारी पानं मांडली. भरली वांगी, पोळ्या, मसालेभात, बासुंदी. मुग्धा वाढायला पदर खोचून उभीच राहिली.

"साकु गं," अण्णा दुसऱ्याच पोळीला म्हणाले.

"असं कसं? एवढीशी तर आहे!" पोळी ताटात पडली.

"खरंच नको, पोरी."

"मी रागावेन हं, अण्णा!"

अण्णांनी ताटावर हात धरला, तर तिनं बोटांच्या फटीतून तूप सोडलं. अजिंक्यनं अभिमानानं मान डोलावली. अण्णा केविलवाण्या चेहऱ्यानं काकूंकडे बघत होते आणि काकू मान खाली घालून कोशिंबीर चिवडत होत्या. बासुंदीची दुसरी वाटी समोर आली तेव्हा मात्र अण्णांना घाम फुटला.

"अजिंक्या, अडव रे हिला! घरनं जेवून आलोय मी. तुझ्या काकूनंच घातलं. म्हणाली, तिथं काय मिळंल न मिळंल, दोन भाकऱ्या खाऊन घ्या."

 आपल्याकडे यायचं म्हणून माणसं घरून जेवून निघतात, याचं मुग्धाला हसू येईना, रडूच आलं. तेवढ्यात तिची नजर काकूंच्या ताटाकडे गेली. कोशिंबीर सोडली तर ताट कोरडं होतं. काकूंना तिनं एकदाच विचारलं होतं, त्या नको म्हणाल्या होत्या, आणि मग सगळा आग्रह अण्णांवरच खर्ची पडला होता.

"काकू, तुम्ही... तुम्ही जेवलात घरी?"

"मी कुठली जेवते? यांना वाढेपर्यंत ऑटो दारात आली."

म्हणजे या वेळी काकू उपाशी. मुग्धाचे डोळे भरून आले. पण काकूंना आग्रह कसा करायचा? तालीम फक्त अण्णांपुरतीच झाली होती.

काकू ताट घेऊन उठल्या. दुसऱ्याच्या घरी कुणी हातात दिल्याशिवाय पाणीसुद्धा न पिणारी ही बाई थेट ओट्यापाशी गेली, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि चांगला भरघोस मसालेभात आपल्या हातानं वाढून घेतला.

"अहो काकू, मी वाढते ना," म्हणत मुग्धा मागोमाग धावली.

"बस तू. चुकलं माझंच," काकू तिच्याकडे न बघताच म्हणाल्या. त्यांनी भाताचा एक घास तिथंच उभ्या उभ्या तोंडात टाकला. "मीठ स्वल्प कमी पडलंय. लोणचं कुठं असतं गं आपल्याकडं?"

 मुग्धानं वरच्या फळीकडे बोट दाखवलं.