बरारीच्या तंबूत

अमरनाथला जायचं कमलच्या कधी मनातही नव्हतं. नवस लतिकाचा होता. तिच्या मुलीच्या, आकांक्षाच्या, मेंदूतली गाठ काढत होते तेव्हा ऑपरेशन थिएटरबाहेर बसून लतिका बोलली होती, पोरगी वाचली तर तुझ्या गुहेपर्यंत चालत येईन. आकांक्षा वाचली, पुन्हा लोअर परळच्या ऑफिसला जायला लागली. दोन वर्षं तशीच गेली. मग लेकीचं साधं डोकं दुखलं तरी लतिकाला न फेडलेला नवस आठवायचा.

करी रोडच्या चाळीत लतिकाच्या शेजारच्या खोलीत कमल आणि तिचा नवरा गणपत राहायचे. लतिकाचा नवरा गेला तेव्हा महिनाभर कमल तिच्याकडे झोपायला यायची.

"मी एकटी कशी जाऊ गो? तू चल," लतिका म्हणाली.

"नाय गो, मला नाय जमणार डोंगर. जिना चढले तरी धाप लागते."

लतिकाने पाठ सोडली नाही. शेवटी गणपतच म्हणाला, "जा तिच्यासोबत. तुला कुठे कोण फिरवणार आहे?" दोघींनी तपासण्या करून दाखले मिळवले आणि लालबागच्या एका ग्रुपबरोबर निघाल्या.

पायथ्याच्या बालटालहून पहाटे चढायला सुरुवात केली. ग्रुपमधले बाकीचे घोड्यावरून पुढे गेले. लतिकाचा नवस चालत जाण्याचा होता, म्हणून कमलही चालली. अर्ध्या वाटेवरच्या बरारीच्या तळावर पोचेपर्यंत तिला दोनदा उलटी झाली होती आणि ओठ काळेनिळे पडले होते. दवाखान्याच्या तंबूतल्या तरुण डॉक्टरने तिला ऑक्सिजन लावला.

"इनको तुरंत नीचे ले जाना पडेगा," तो म्हणाला. "स्ट्रेचरवाले आने में टाइम लगेगा. साथ में कौन है?"

कमलने लतिकाचा हात धरला. मास्क बाजूला करून म्हणाली, "थांब ना माझ्याजवळ. मला भीती वाटते."

लतिकाने बाहेर बघितलं. माणसांची रांग वर वर चालली होती. आता खाली उतरलं तर पुन्हा यायचं कधी, कुणाबरोबर? आणि तोवर आकांक्षाला काही झालं तर?

"दर्शन घेते आणि आलेच," ती म्हणाली. तिने हात सोडवून घेतला. डॉक्टरला सांगितलं, "हमारे लोग पीछे से आ रहे हैं." मागून कोणीच येणार नव्हतं.

गुहेत तिला जेमतेम काही सेकंद मिळाले. बर्फाचं लिंग वितळून गुडघ्याएवढं उरलं होतं. तिने हात जोडले, तेवढ्यात मागच्या बाईने ढकललं आणि शिपायाने "चलो, चलो" म्हणत पुढे काढलं. काय मागायचं तेही तिला आठवलं नाही.

ती जवळजवळ पळतच खाली आली. तरी मध्ये साडेपाच तास गेले होते. तंबूच्या कोपऱ्यात कमलला डोक्यापासून पायापर्यंत ब्लँकेटने झाकलं होतं.

"फेफडों में पानी भर गया," डॉक्टर म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "स्ट्रेचर आया, तब तक... बार बार मास्क निकालके दरवाजे की तरफ देखती थीं. मेरे पास दस पेशंट थे, माँजी. पकडके बैठनेवाला कोई नहीं था."

विमानाने कमलला मुंबईला आणलं. भोईवाड्याच्या स्मशानात अग्नी दिला. चाळीत बायका लतिकाच्या पाया पडायला येत होत्या. गुहेपर्यंत जाऊन आलेली ती चाळीतली पहिलीच बाई. ती पाय मागे घ्यायची, तर त्यांना तो तिचा नम्रपणा वाटायचा.

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर गणपत तिच्या दारात आला. हातात कमलची मोरपंखी साडी होती.

"ही तू ठेव," तो म्हणाला. "तिने डॉक्टरच्या फोनवरून मला फोन केला होता. आवाज अगदी बारीक येत होता. मी विचारलं, लतिका कुठाय? म्हणाली, ही काय, पाय चेपत बसलीय, तुम्ही काळजी करू नका. तेवढ्यानेच मला धीर आला. तू होतीस म्हणून."

लतिकाने साडी घेतली. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तिने साडी परत त्याच्या हातात दिली.

"भाऊजी, मी नव्हते तिथे."

तिने सगळं सांगितलं. थांब म्हणाली ते, हात सोडवला ते, डॉक्टरला खोटं सांगितलं तेही. गणपत उभ्या उभ्या ऐकत राहिला.

"किती वेळ एकटी होती?"

"मी साडेपाच तासांनी आले."

"तसं नाही. जीव जाईपर्यंत किती वेळ?"

लतिकाला ते माहीत नव्हतं. तिने डॉक्टरला विचारलंच नव्हतं.

गणपत साडी घेऊन आपल्या खोलीत गेला. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. ती गॅलरीत आली की तो मात्र आत जायचा. गणपतीच्या सणाआधीच त्याचा मुलगा स्वप्नील येऊन त्याला विरारला घेऊन गेला.

"काका असे न सांगता कसे गेले?" आकांक्षाने विचारलं, तेव्हा लतिकाने तिलाही सांगितलं. आकांक्षा जेवत होती. तिने ताट बाजूला सरकवलं.

"मला काही होऊ नये म्हणून तू कमलमावशीला सोडून गेलीस?"

"हो."

"मग आता मी कसं जगायचं, आई?"

आकांक्षा उठली, हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. बऱ्याच वेळाने लतिकाने तिच्या कपाळावर हात ठेवला. आकांक्षाने तो उचलून बाजूला ठेवला.