सशाचे कापलेले गाणे

रविवार, १७ डिसेंबर २०२३, दुपारचे तीन. चर्चच्या तळघरातील सभागृहात त्रेचाळीस माणसे बसली होती आणि माझ्या प्रोजेक्टरवर नाताळच्या एका जुन्या कार्टूनपटाची एकुलती एक प्रत चढवलेली होती.

सुपीरियर सरोवराच्या काठावरचे दीपगृह नाताळच्या आदल्या रात्री विझते आणि रानातले प्राणी गाणी गाऊन जहाजाला वाट दाखवतात, एवढीच त्याची गोष्ट. उत्तर मिनेसोटातील आमच्या पिढीने तो दर डिसेंबरला टीव्हीवर पाहिला. त्यातील पांढऱ्या सशाचे गाणे आपण गायले आहे, असे आमच्या गावची आर्डिस नऊ वर्षांची असल्यापासून सांगत आली. पण गावात ते कोणीच ऐकले नव्हते. १९६४ साली तो पहिल्यांदा दाखवला, त्या रात्री हिमवादळाने आमच्याकडची वीज गेली होती. पुढच्या वर्षापासून ससा बर्फावर येई, तोंड उघडत असे आणि लगेच दृश्य बदले. श्रेयनामावलीत गाणाऱ्या मुलांची नावे नव्हती.

तिचा थोरला भाऊ वॉल्फ्रेड तिला तेव्हापासून ‘सशाबाई’ म्हणत असे. मंगळवारी त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया होती आणि सोमवारी सकाळी त्याला डुलुथच्या रुग्णालयात जायला निघायचे होते. म्हणून आर्डिसने हा खेळ आजच ठेवण्याचा हट्ट धरला होता. तो पहिल्या रांगेत, मांडीवर हॉटडिशची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या खिमा-बटाट्याची बशी घेऊन बसला होता.

फिल्म आक्रसलेली होती आणि तिला व्हिनेगरसारखा वास येत होता. प्रोजेक्टरच्या झरोक्यात, जिथे फिल्मवर दिव्याचा उजेड पडतो, एक लोखंडी दात फिल्मच्या कडेच्या भोकात अडकून तिला खाली ओढतो. भोके जागची सरकली, की तोच दात फिल्म फाडतो. चित्र पडद्यावर थरथरत होते. मी एक हात बटणावर ठेवून उभा होतो.

सशाचा प्रसंग आला. ससा बर्फावर आला, त्याने तोंड उघडले, आणि पडद्यावर घंटा वाजू लागली.

“आला ससा, गेला ससा!” वॉल्फ्रेड म्हणाला. “काय गं आर्डी, घसा बसला का सशाचा?”

लोक हसले. आर्डिस माझ्या शेजारी उभी होती, ती हसली नाही.

“कापलंय ते,” ती म्हणाली.

“दरवर्षी कापतात बाई! अगं, तालमीला नेलं होतं तुला, हे कुठं नाकारतोय मी? पण शेवटी मिनियापोलिसच्या कुणा पोरीला घेतलं असणार. एवढी वर्षं झाली, आता तरी कबूल कर. मी मेल्यावर कुणाला सांगशील?”

यावर कोणी हसले नाही.

समाप्तीची पाटी आली, टाळ्या झाल्या, लोक कॉफीकडे वळले. मी दिवा विझवला, पण रीळ उतरवले नाही, कारण त्यावर बोटभर जाडीची फिल्म अजून उरली होती. तांत्रिक महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर मी टीव्ही केंद्रांच्या फिल्म विभागांतच नोकरी केली. जाहिरातींसाठी वेळ काढायचा, तर प्रसंग कापावा लागे. परंतु प्रत मालकाला पुरी परत द्यायची असे, म्हणून कापलेला तुकडा फेकत नसत. तो रिळाच्या शेवटी, काळ्या पट्टीमागे चिकटवून ठेवत. ही प्रत परत गेलीच नव्हती, म्हणजे तुकडा तसाच शेवटी राहिला असणार.

मी काळी पट्टी हाताने उलगडली आणि पुढच्या चौकटी भिंगाखाली धरल्या. बर्फ होता. सशाचे तोंड उघडे होते.

“आर्डिस,” मी म्हणालो, “इकडे ये.”

तिने भिंगातून पाहिले आणि माझी बाही घट्ट धरली. “लाव, अर्वो. आत्ता लाव.”

“आधी ऐकून घे. आतले वेढे सगळ्यात जास्त आक्रसलेत. तो दात पहिल्याच फेऱ्यात चिंध्या करील. फिल्म दुरुस्तीच्या प्रयोगशाळेत पाठवलं तर चित्र आणि आवाज दोन्ही वाचतील. पण वसंत येईल तोवर.”

तिने पहिल्या रांगेकडे पाहिले. वॉल्फ्रेड बशी बाजूला ठेवून आमच्याचकडे पाहत होता.

“दुसरं काही?”

“आवाज वाचणारा रूळ गुळगुळीत असतो, त्याला दात नाहीत. झरोका टाळून फिल्म नुसती त्या रुळावरून ओढता येईल. पडद्यावर काहीच दिसणार नाही. वेग माझ्या हाताने सांभाळावा लागेल. आणि तरीही तुटू शकते. तुटली, तर प्रयोगशाळेला काय उरेल, ते मी सांगू शकत नाही.”

“चित्रात मी कधी नव्हतेच,” आर्डिस म्हणाली. “ओढ.”

मी फिल्म रुळावरून घेतली, रिकाम्या रिळाची मोटर चालू केली आणि भरलेल्या रिळाच्या कडेवर तळहात टेकवला. जास्त दाबला तर फिल्म तुटणार, सोडला तर आवाज किंचाळणार. सभागृहात फक्त कॉफीच्या भांड्याची खदखद उरली.

आधी खरखर आली. मग मुलीचा आवाज, पण फार जाड, विहिरीतून आल्यासारखा. मी हात सैल केला. आवाज वर चढला, जास्तच चढला. पुन्हा दाबला. आणि तो स्थिरावला. प्रत्येक ‘स’ला त्यात बारीक शीळ वाजत होती.

वॉल्फ्रेड उठून उभा राहिला.

“दात,” तो म्हणाला. “आर्डी, तुझे तुटलेले पुढचे दोन दात! मीच स्लेजवरून पाडलं होतं तुला!”

“गप्प बस की,” आर्डिस म्हणाली. “ऐक.”

फिल्मचा पहिला चिकटवलेला जोड रुळावरून टक् करून गेला, टिकला. माझ्या तळहाताला वेढे सुटताना कडकडत असल्याचे जाणवू लागले. फिल्मची कड तडकत होती. थांबावे, की पुढे जावे, असे मी आर्डिसला नजरेनेच विचारले. तिने डोळे मिटले होते. मी हात तसाच ठेवला.

तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर फिल्म तुटली. मोकळे टोक फटफट फिरू लागले. मी मोटर बंद केली.

मग वॉल्फ्रेडने घसा खाकरला आणि जिथे आवाज थांबला होता, तिथून पुढचे शब्द, तिच्यासारखीच ‘स’ला शीळ काढत, म्हणायला सुरुवात केली.

“तुला कसं येतं रे हे?” आर्डिसने मध्येच विचारले.

“त्या वर्षी घरभर हेच म्हणत फिरायचीस, सशाबाई. कानात बोळे घालून झोपायचो मी,” तो म्हणाला, आणि राहिलेल्या ओळींकडे परत गेला.

तुकडा मी नंतर मोजला. गाणे एक मिनिट बावन्न सेकंदांचे होते. आर्डिसच्या आवाजात ऐकू आले, एक मिनिट एकोणीस सेकंद.