चुकलं आमचं

चांगुणाचं कुठलंही बोलणं माफीपासून सुरू व्हायचं. एसटीत कंडक्टरनं नुसतं वर पाहिलं तरी ती म्हणायची, "चुकलं बाबा," आणि मग पिशवी कुठं ठेवू ते विचारायची. काय चुकलं हे तिला माहीत नसायचं, कंडक्टरलाही नसायचं. पण तो बिचारा वरमायचा आणि पिशवी होती तिथंच राहायची. पाथर्डीकडच्या कोरड्या गावांतून दर दिवाळीला श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या बाजूला ऊस तोडायला येणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. परक्याचं गाव, परक्याचं रान, पाणी भरायचं तेही परक्याच्या विहिरीवर. कुणी आवाज चढवला की आधी हात जोडायचे आणि काय झालं ते नंतर विचारायचं. चांगुणाची आई हेच करायची. नवरा वारल्यावर चांगुणा पोराला घेऊन तोडीला येऊ लागली, तेव्हा कोयता कसा धरायचा आणि हात कसे जोडायचे, हे दोन्ही तिनं त्याला एकाच हंगामात शिकवलं.

पोराचं नाव अजिनाथ. कोयता त्याला लगेच जमला, दुसरं काही केल्या जमेना.

यंदाचं भांडण वाढ्यावरून झालं. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. ऊस कारखान्याचा, पण वाढं तोडणाऱ्याचं, अशी जुनी रीत आहे. त्यावर टोळीची जनावरं जगतात आणि उरलं तर विकलं जातं. पुंजाराम नावाच्या बागायतदारानं ते आपल्या गोठ्यासाठी परस्पर ट्रॉलीत भरायला लावलं. अजिनाथ ट्रॉलीला आडवा गेला. पुंजारामनं त्याला आईवरून शिवी दिली आणि अजिनाथ म्हणाला, "बघून घेतो." विशीतलं पोर, खिशात मोबाईलला रिचार्ज नाही, ते काय बघून घेणार होतं देव जाणे. पण बोलून गेला आणि बांधावरच्या चारचौघांनी ते ऐकलं.

त्याच आठवड्यात पुंजारामचा दुसऱ्या वावरातला उभा ऊस भर दुपारी जळाला. शेजारच्या शेतकऱ्यानं उसाचं वाळकं पाचट पेटवलं होतं आणि वारा सुटला होता. पण ऊस जळाला की वाऱ्याचं नाव कुणी घेत नाही, माणसाचं घेतात. अजिनाथ त्या वेळी ओढ्यापलीकडं आईशेजारी मोळ्या बांधत होता, हे सबंध टोळीनं पाहिलेलं होतं. मात्र टोळी काही बोलत नसते. टोळीच्या वतीनं मुकादम बोलतो, आणि मुकादम रामहरी हा मिटवामिटवीत हयात घालवलेला माणूस होता.

तो संध्याकाळी चांगुणाच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर आला. "वैनी, पोराला घिऊन मारुतीच्या पारावर चला. पाया पडला की मिटतंय. न्हाईतर सगळ्या टोळीला या गावातनं बिऱ्हाड उचलावं लागंल."

पारावर माणसं जमली होती. पुंजाराम मधोमध बसला होता, डोळे लाल झालेले. ऊस जळाल्याचं दुःख त्याचं खरंच होतं, त्यात खोट नव्हती. अजिनाथ खांबासारखा उभा राहिला.

"म्या पेटीवला न्हाई," तो हळू आवाजात आईला म्हणाला. "मंग पाया कशापायी पडू?"

"म्हनायला काय जातंय? म्हन आन मोकळा हो."

तो हलेना. तेव्हा चांगुणानं त्याच्या मानेवर हात ठेवला आणि खाली दाबलं. तिचा तो हात कोयता लागल्यामुळं चिंधीनं बांधलेला होता, तरी तिनं जोर लावला. अजिनाथची मान वाकली, मग कंबर वाकली. पुंजारामच्या पायांशी तोंड नेऊन तो म्हणाला, "चुकलं माझं."

"जा," पुंजाराम म्हणाला.

कुणीतरी मोबाईल वर धरला होता. हल्ली बैल शेण टाकायला थांबला तरी माणसं मोबाईल वर धरतात, त्यामुळं तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. परत येताना चांगुणाला हलकं वाटत होतं. पोरगं तिच्या पुढं पुढं चाललं होतं आणि मागं वळून बघत नव्हतं. राग आज आहे, उद्या जाईल, असं ती मनाशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची गाडी आली. पुंजारामच्या फिर्यादीवरून मुद्दाम आग लावून पिकाची नासाडी केल्याचा गुन्हा दाखल झाला होता. हवालदार तसा शांत माणूस होता. "पारावर सगळ्यांसमोर कबूल केलंय त्यानं," तो म्हणाला. "व्हिडिओ आहे." चांगुणानं हात जोडले. "चुकलं सायेब, पोटात घाला." हवालदारानं मान डोलावली, जणू त्यालाही तेच ऐकायचं होतं, आणि अजिनाथला गाडीत बसवलं.

त्या दिवशी चांगुणा रडली नाही. गाडी गेली आणि ती पुन्हा फडात शिरली. ऊस समोर उभा होता, कोयता हातात होता, म्हणून तोडत राहिली. बायका येऊन काहीबाही बोलून गेल्या. तिनं सगळ्यांना "व्हय" म्हटलं. दुपारी भाकरीचा घास तोंडात घेतला आणि गिळायचा विसरून गेली. झोपेत हात अंगाखाली दबून बधिर होतो, आपलाच असून आपला वाटत नाही, तसं तिचं सबंध अंग झालं होतं. मोळी बांधायला दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं, म्हणून ती एकटीच दोन्ही बाजूंनी फिरून बांधत होती.

"वकिलाच्या नादी लागू नको," मुकादमानं जाता जाता सांगितलं. "कोर्टात बी पाया पडला, कबूल झाला, की साहेबाला दया येती." चांगुणानं त्यालाही "व्हय" म्हटलं. तिला ते पटलंही होतं. आयुष्यभर तिनं दुसरं काय केलं होतं?

श्रीरामपूरच्या कोर्टात ती भिंतीकडेच्या बाकावर अंग चोरून बसली. अजिनाथला आणलं. न्यायाधीशांनी त्याला विचारलं, "वकील दिलाय का?" पोरानं आईकडं पाहिलं. आई उठली आणि तिनं हात जोडले. "बसा बाई," न्यायाधीश म्हणाले, आणि त्यांनी विधी सेवा समितीकडून वकील द्यायला सांगितलं. ज्याला वकील परवडत नाही त्याला कोर्ट स्वतःच वकील देतं, ही गोष्ट चांगुणाला त्या दिवशी कळली. काळा कोट घातलेली एक ठेंगणी बाई मागून पुढं आली. तिचं नाव रेश्मा त्रिभुवन. ती इथलीच, श्रीरामपूरची, आणि नाकावर घसरणारा चष्मा दर वाक्याला वर ढकलायची तिला सवय होती.

चांगुणाला यात काळंबेरं वाटलं. पोलीस सरकारचे, न्यायाधीश सरकारचे, आता वकीलही सरकारच देणार. मग आपल्या बाजूनं कोण? फुकट मिळालेल्या औषधाकडं बघावं तसं तिनं वकीलबाईकडं पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात रेश्मानं तिला शेजारी बसवलं. "मावशी, काय घडलं ते पहिल्यापासून सांगा."

चांगुणानं हात जोडले. "चुकलं वो बाई लेकराचं. पदरात घ्या."

रेश्मा लिहिता लिहिता थांबली. "म्हणजे आग त्यानं लावली?"

"न्हाई वो. तो तर माझ्यापाशी मोळ्या बांधत हुता. दिवसभर."

"मग चुकलं काय त्याचं?"

चांगुणानं खरोखर आठवून पाहिलं. वाढं मागितलं, ते तर आपलंच होतं. शिवी ऐकून घेतली नाही, पण ती शिवी तर तिच्यावरूनच होती. एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, आणि तिनं स्वतःलाही विचारला नव्हता.

"काय न्हाई," ती अखेर म्हणाली. "काय बी न्हाई चुकलं."

रेश्मानं मोबाईल पुढं धरला. पारावरचा व्हिडिओ. पुंजारामचे पाय, वाकलेला अजिनाथ, आणि "चुकलं माझं" हे शब्द अगदी स्वच्छ. "सगळा खटला यावर उभा आहे," ती म्हणाली. "आग लावताना कुणीच पाहिलेलं नाही. हे एवढंच आहे त्यांच्याकडं." मग तिनं चित्र थांबवलं आणि बोटांनी मोठं केलं. "ही मान धरलीय ती कुणी?"

चिंधी बांधलेला हात. त्याच्यामागचं माणूस चित्रात आलंच नव्हतं, नुसता हात होता. चांगुणा त्याच्याकडं बघत राहिली. आतापर्यंत तिला वाटत होतं की पोराला पोलिसांनी नेलं, पुंजारामनं नेलं, नशिबानं नेलं.

"मीच वाकीवला त्याला," ती म्हणाली. "त्यो न्हाईच म्हनत हुता."

माफी न मागता सुरू झालेलं तिचं हे बहुधा पहिलंच बोलणं असावं. रेश्मानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. "हेच कोर्टाला लिहून द्यायचं. पण यामुळं मुकादम दुखावेल. पुढच्या हंगामाला तो तुम्हाला बरोबर घेईलच असं नाही."

"दुखावू द्या," चांगुणा म्हणाली. तिला भीती वाटायला हवी होती, पण भीतीसुद्धा त्या बधिरपणातून आत शिरत नव्हती.

"आणि मावशी, आता कुणापुढंही हात जोडायचे नाहीत. तुम्ही नाही आणि त्यानंही नाही. बोलायचं ते मी बोलेन."

हे ऐकायला सोपं होतं. जामिनाच्या सुनावणीला चांगुणा व्हरांड्यात उभी होती, तेव्हा मुकादमाला बरोबर घेऊन पुंजाराम समोर आला. जवळून तो थकलेला दिसत होता. "बाई, कशाला वकिलांच्या नादी लागता? आत जाऊन कबूल हो म्हणावं त्याला. मी सांगतो साहेबांना, पोरगं लहान आहे म्हणून."

"लई मोठं मन हाय मालकाचं," रामहरी म्हणाला. "वैनी, हात जोडा."

चांगुणाचे हात निघालेच होते. ते तिला विचारून निघत नसत. बोटं बोटांना लागायच्या आत तिनं एका हातानं दुसऱ्या हातावरची जखम धरली आणि आवळली. जखम उघडली, चिंधी ओली झाली. किती तरी दिवसांनी तिला काहीतरी दुखलं.

"त्याचं काय चुकलं न्हाई," ती म्हणाली. "त्यो माझ्यापाशी हुता. मुकादम, तुमी बी बघितलाय."

रामहरीनं दुसरीकडं पाहिलं. पुंजाराम तिच्या ओल्या चिंधीकडं पाहू लागला. बहुधा त्याच्या मनात पहिल्यांदाच शंका आली असावी. तेवढ्यात आतून पुकारा झाला.

रेश्मा लांबलचक बोलली नाही. आग लावताना पाहणारा एकही साक्षीदार नाही, शेजारी पाचट जळत होतं हे खुद्द फिर्यादीच सांगतो, आणि ज्याला कबुली म्हणतात ती मुलानं दिलेली नाही, आईनं त्याची मान दाबून वदवून घेतलेली आहे; ती आई इथं हजर आहे आणि तसं लिहून देते आहे. न्यायाधीशांनी व्हिडिओ बघितला, मग चांगुणाच्या हाताकडं बघितलं. ती हात खाली सोडून उभी राहिली. जामीन मंजूर झाला. खटला संपला नव्हता, तो चालणारच होता. पण पोरगं घरी येणार होतं. चांगुणाचा भाऊ गहिनीनाथ गावाहून सातबारा घेऊन आला आणि जामीन राहिला. बहिणीशी तो फार बोलला नाही, पण आला.

सबजेलच्या दाराशी ती आणि रेश्मा उभ्या होत्या. अजिनाथ बाहेर आला तो वाळून गेला होता, दाढी वाढली होती, उजेडात डोळे बारीक करत होता. आईला पाहून तो थांबला. चांगुणाला त्याला सांगायचं होतं, माझं चुकलं रे, या एका वेळी खरंच माझं चुकलं. पण ते शब्द तिनं इतके वापरून ठेवले होते की तोंडात घेववेनात. ती पुढं झाली आणि पोराचा गाल कुरवाळायला तिनं हात वर केला.

चिंधी बांधलेला हात वर आलेला पाहताच अजिनाथनं मान खाली घातली. मग तशीच खाली ठेवून त्यानं हळूच विचारलं, "आई, आता कुनाच्या पाया पडू?"