महाराजांच्या पाटाखालची गंगा

शंख वाजला आणि धोंडप्पांच्या बागेत जमलेली दोनशे माणसं एकदम गप्प झाली.

तळ्याच्या पलीकडच्या लव्हाळ्यात अकरा रानबदकं पेंगत बसली होती. त्यांनी माना वर केल्या, अंग झाडलं आणि पाणी कापत ती सरळ अलीकडे निघाली. अलीकडच्या काठाला, वीतभर पाण्यात, हंसनाथ महाराजांनी महादेवाची पिंड मांडली होती. बदकं पिंडीभोवती फिरू लागली आणि माना खाली-वर, खाली-वर करू लागली.

"प्रदक्षिणा घालायलेत, बघा!"

"नमस्कार करायलेत नमस्कार! मुकं पाखरू, पर ज्ञान केवढं!"

लोकांचे हात जोडले गेले. सरपंच शेषेरावांनी तर टोपी काढून धोतराला चिखल लागेल याची पर्वा न करता लोटांगण घातलं. सगळ्या बागेत न वाकलेला मी एकटाच होतो आणि ते सगळ्यांना दिसत होतं. मी या गावच्या शाळेचा मास्तर. मला चमत्कार बघितला की पोटात दुखतं, असं माझी बायको म्हणते.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. कलेक्टर जवळ आला म्हणून निलंग्याच्या बाजारात पेढे वाटले होते, पण पावसाला ते कुणी कळवलं नसावं. सलग तिसरं वर्ष कोरडं गेलं. पाझर तलावाच्या तळाला पोरं विटीदांडू खेळायची. आसपासच्या दहा गावांत उघडं पाणी उरलं होतं ते एवढंच, धोंडप्पांच्या बागेतलं माशांचं तळं. बागेच्या विहिरीला हातभर पाणी होतं, त्यावर ते तगलं होतं.

त्या घरात मासा कुणी खात नाही, मासा हा शब्दसुद्धा जेवताना काढत नाहीत. पण धोंडप्पांची आई गुरम्मा रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली की कणकेच्या गोळ्या घेऊन तळ्याशी यायची आणि माशांना घालायची. पन्नास वर्षांचा नेम. मार्गशीर्षात कुठून तरी रानबदकं उतरली आणि गोळ्या माशांच्या आधी तीच मटकावू लागली. गुरम्माला कमी दिसत होतं. ती आपली म्हणायची, "औंदा मासे लई खायलेत बाई."

ही बातमी पसरत पसरत हंसनाथ महाराजांच्या कानी गेली आणि पौषात ते भगवी छाटी, शंख आणि एक जड झोळी घेऊन एस.टी.तून उतरले आणि धोंडप्पांच्याच ओसरीवर मुक्कामाला राहिले.

"ही बदकं नव्हेत, हंस आहेत हंस!" महाराज घसा खाकरून सुरू व्हायचे. "मानससरोवराहून निघालेत. गंगामातेचे हेर आहेत. भूगर्भात गंगा कुठं निजलीय ते त्यांना दिसतं. मी शंखातून विचारतो, ते मानेनं सांगतात!"

मी एकदा विचारलं, "महाराज, मानससरोवर सोडून निलंगा तालुक्यात कशाला उतरले? वाटेत नर्मदा आहे, गोदावरी आहे."

महाराजांनी डोळे मिटले. "ज्याच्या मनात चिखल, त्याला हंससुद्धा बदकच दिसतो, गुरुजी."

लोक खो खो हसले. दुसऱ्या दिवशी शाळेत चौथीची पोरंसुद्धा माझ्याकडे बघून हसत होती, याचा मला मनापासून राग आला.

हसण्यावारी गेलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण गावाला सरकारकडून एक बोअर मंजूर झाला होता. एकच. गुरुवारी मशीन येणार, एक भोक पाडणार आणि पुढच्या गावाला जाणार. लातूरहून भूजलवाला साहेब येऊन दोन दिवस गावभर हिंडला होता. नाल्याच्या वळणावर त्यानं चुन्याची फुली मारली. "इथं खडकाला भेग आहे. हमी देत नाही, पण पाणी असलंच तर इथं," असं तो म्हणाला होता. फुलीला लागूनच नाल्यापलीकडची वस्ती. तिथल्या बाया पाण्यासाठी रोज दीड कोस चालायच्या.

महाराजांनी ती फुली पुसूनच टाकली. "चुना माणसाचा, पाय हंसाचा! गुरुवारी हंस पाणी सोडून जमिनीवर येतील. जिथं पाय ठेवतील, तिथंच खोदा." आणि हसत हसत बागेच्या कोपऱ्यातल्या पेरूकडे बघितलं.

धोंडप्पा माणूस वाईट नव्हता. पण बोअर आपल्या बागेत पडणार असेल तर बदकाला हंस म्हणायला त्याची काही हरकत नव्हती. सरपंचांनीही मान डोलावली.

बुधवारी संध्याकाळी तुळजाबाई माझ्या दारात आली. ती त्याच वस्तीवरची. नवरा भीमा रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायचा आणि ही धोंडप्पांच्या बागेत झाडलोट करायची. पदराच्या टोकात तिनं काहीतरी बांधून आणलं होतं.

"गुरुजी, फाटकाच्या आत बोअर पडला तर मी घागर घेऊन फाटकाशी उभी राहणार. मालक हाय म्हणाले तर पाणी, न्हाई म्हणाले तर पुन्हा दीड कोस. माझी सून पोटुशी हाय. तिला कितींदा चालवू?"

"मी उद्या बोलतो ना सभेत. विज्ञान समजावून सांगतो."

"तुम्ही महिनाभर नुसतं बोलायलात." तिनं पदर सोडला. आत ज्वारीचे पाच-सहा दाणे होते, पांढरे, फुगलेले, मोड आलेले. "पिंडीच्या बुडाशी चिखलात सापडले. तिथं कुणी पेरलं, सांगा."

मी एक दाणा उचलून बघितला. तळ्याच्या चिखलात ज्वारी आपोआप उगवत नाही.

"लोटा घासायला गेले तर म्हाराजांच्या झोळीत भिजवलेली जवारी, ही एवढी! पहाटे पिंडीभवती चिखलात दाबतो आन उजाडल्यावर शंख फुकतो. बदकं दाणं टिपतात, लोक म्हणतात नमस्कार. माझ्या कोंबड्याबी घमेलं वाजलं की धावत येतात. त्यांच्यात कुठला देव शिरलाय?" मग तिचा आवाज चढला. "लेकरांना भाकर मिळंना, आन हा पाखरांना जवारी भिजवून घालतो!"

"चल, आत्ताच सरपंचाकडे."

"नको. दाणे माझ्या पदरात निघाले. माझ्यावरच चोरी घालतील. उद्या शंख वाजू द्या, गुरुजी. तुम्ही फक्त त्या वक्ताला भाषण करू नका."

गुरुवारी मशीन फाटकाबाहेर येऊन उभं राहिलं. बागेत उभं राहायला जागा नव्हती. तळ्याकाठी मांडव होता, मांडवात पाट, पाटावर घोंगडी, घोंगडीवर महाराज. भोवती सारवलेलं, आणि महाराजांपासून थेट पाण्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांचा दाट पट्टा. सारवणं, फुलं घालणं ही कामं तुळजाबाईकडेच होती. आपल्यासाठी केवढी आरास केली म्हणून महाराज खूश दिसले. त्यांनी पेरूच्या झाडाकडे एकदा बघून घेतलं, शंख फुंकला आणि डोळे मिटून समाधी लावली.

बदकं निघाली. पिंडीशी आली, इकडेतिकडे चोच मारली. तिथं काही नव्हतं. मग पुढचं बदक पाण्याबाहेर आलं. त्यानं पेरूकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाकळ्या चोचीनं बाजूला सारत ते डुलत डुलत मांडवाकडे चाललं आणि त्याच्या मागं बाकीची दहा. सरळ महाराजांपर्यंत. दोन बदकांनी घोंगडीखाली माना घातल्या. एकानं महाराजांच्या अंगठ्यालाच चोच मारली.

महाराजांनी डोळा उघडला. "हाड्! हाड्!"

"महाराज, हलू नका!" सरपंच ओरडले. "हंसांनी पाय ठेवला! गंगा तुमच्याच पाटाखाली हाय!"

"अरे इथं नाही, तिकडं, पेरूखाली!" महाराज बोलून गेले आणि जीभ चावली.

मग धोंडप्पा हळूच म्हणाला, "बदकांच्या आधी तुम्हाला कसं ठाऊक?"

तुळजाबाई पुढं आली. तिनं पाकळ्या हातानं सारल्या. खाली पाण्यापासून पाटापर्यंत भिजवलेल्या ज्वारीची ओळ होती, आणि घोंगडीखाली ओंजळभर. "ही जवारी पहाटे पेरूखाली पसरली होती. मी झाडून गोळा केली आन इथं आणली. कुणाची हाय, त्यांची झोळी बघा."

झोळी उलटी केली तेव्हा शेरभर ओली ज्वारी बाहेर पडली. गलक्यानं बदकं उडाली, एक चक्कर मारून पुन्हा तळ्यातच उतरली. दुसरीकडे जाणार कुठं बिचारी! तुळजाबाईनं एक मूठ पलीकडच्या गुरांच्या हौदापाशी फेकली आणि शंख माझ्या हातात दिला.

मी जन्मात शंख फुंकला नव्हता. रेड्यासारखा आवाज निघाला. तरीही थोड्या वेळानं बदकं एकामागून एक हौदाशी आली आणि माना खाली-वर करू लागली.

आता हसण्याची पाळी माझी होती, पण माझ्या आधी गुरम्माच हसली. "अय्यो शिवने! म्हणजे माझी कणीकबी हीच खात होती?"

त्या हशात महाराज फाटकाबाहेर सटकले. उदगीरच्या एस.टी.च्या मागं धावताना त्यांना पोरांनी पाहिलं. सरपंचांनी धोतराचा चिखल झटकला आणि मशीनवाल्याला नाल्याच्या वळणाकडे हात केला. धोंडप्पानं घरातून चुना आणला आणि पुसलेली फुली स्वतः पुन्हा मारली. ते मला फार आवडलं.

दीडशे फुटांवर पाणी लागलं. लागलं नसतं तरी मी हेच लिहिलं असतं, कारण साहेबानं हमी दिली नव्हती. तिथंच का खोदायचं तेवढं त्यानं सांगितलं होतं, आणि चुकलो तर चुकलो म्हणायची त्याची तयारी होती. मित्रांनो, तुमच्या गावात कुणी चमत्कार घेऊन आला तर हात जोडण्याआधी खाली वाकून चिखलात बघा, तिथं दाणे कुणी पेरलेत. त्यासाठी फार शिकावं लागत नाही. मी शिकलेला होतो, महिनाभर नुसता बोलत होतो. बघितलं ते तुळजाबाईनं.

फाल्गुनात बदकं उडून गेली. त्याच सुमारास एका सकाळी मी नव्या हापशावर गेलो. तुळजाबाईची सून सावलीत बसली होती आणि सासू घागर भरत होती. मी सवयीनं तिथं जमलेल्या बायांना भूगर्भातल्या पाण्याविषयी चार शब्द सांगायला लागलो.

तुळजाबाईनं दांडा माझ्या हातात दिला. "शंख पुरे झाला, गुरुजी. हापसा हाणा."

मी हाणला. पाणी आलं.